नोटीस न देता नोकरी सोडली, चाव्या टेबलावर ठेवून निघालो

खाडीकाठ | १८ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतो, लिहायची पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भिवंडीला अंजूरफाट्याच्या पुढे एका गाळ्यात मी स्टोअर इन्चार्ज होतो. मिक्सर, गीझर, पंखे, इस्त्र्या यांचं वितरण. चार वर्षं तीन महिने झाले होते, पगार २६,५००. इनवर्ड-आउटवर्ड, चलन, टेम्पो भरून घेणं, महिनाअखेर स्टॉक टॅली, सगळं माझ्या अंगावर. राहायला डोंबिवलीत, माणकोली पुलावरून बाईकने ये-जा.

जानेवारीअखेर माल मोजला तेव्हा ४१ गीझर कमी भरले. ते कुठे गेले ते मला माहीत आहे, शेठना माहीत आहे, टेम्पोवाल्यांनाही माहीत आहे. दिवाळीच्या आधीपासून रात्री आठनंतर कच्च्या चलनावर माल बाहेर जायचा. पक्कं बिल नंतर बनवू म्हणायचे, ते कधी बनलं नाही. मी दोनदा तोंडी बोललो, एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. उत्तर आलं, "तू माल भर."

सोमवारी १६ तारखेला जेवणाच्या वेळी केबिनमध्ये बोलावलं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून तयार. माझ्या निष्काळजीपणामुळे ४१ नग गहाळ झाले, त्यांची किंमत २ लाख ८२ हजार ९०० रुपये दरमहा ८,००० प्रमाणे पगारातून वळती करून घ्यायला माझी हरकत नाही. खाली माझं नाव, सहीची रेघ आणि रेघेच्या सुरुवातीला पेन्सिलीने केलेली बारीक फुली. सही कुठे करायची ते कळावं म्हणून. मी त्या फुलीकडेच बघत राहिलो. उद्या करतो म्हटलं. "उद्या नाही, आत्ता. नाहीतर पोलिसात देतो."

विचार करतो म्हणून जागेवर आलो. डबा उघडलाच नव्हता, तसाच पिशवीत टाकला. गाळ्याच्या सात चाव्या तारेच्या कडीत असतात, सोबत पत्र्याचा बिल्ला. चार वर्षं ती कडी माझ्या कमरेला होती. काढून आउटवर्ड रजिस्टरवर ठेवली, मोबाइलवर फोटो काढला. का काढला ते तेव्हा मलाही कळलं नाही. गेटवरच्या वॉचमन चाचांना म्हटलं, चाव्या टेबलावर आहेत, मी परत येणार नाही. आणि निघालो. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. काल आणि आज नेहमीसारखा सव्वाआठला डबा घेऊन निघालो. मोठागावला खाडीच्या कडेला बाईक लावून बसलो, डबा तिथेच खाल्ला, सात वाजता घरी आलो.

कंपनीचे २३ मिस्ड कॉल आहेत. काल मेसेज आला, "तू अ‍ॅबस्कॉन्डिंग (फरार) आहेस, एफआयआर होणार. पगार आणि कागदपत्रं विसर." बारावीची मार्कशीट आणि बी.कॉम.ची पदवी, दोन्ही मूळ प्रती त्यांनी रुजू होतानाच ठेवून घेतल्यात. अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे.

माझी स्वतःची एक डायरी माझ्याकडे आहे. दोनशे पानी लाँगबुक. रात्री बाहेर गेलेल्या प्रत्येक टेम्पोचा नंबर, वेळ, नग त्यात लिहिलेत.

पोलीस खरंच येतील का? कागदपत्रं कशी मिळवायची? माझ्या वडिलांनी एकाच कारखान्यात ३१ वर्षं काढली, एक दिवस न सांगता घरी राहिले नाहीत. त्यांना काय सांगू?

---

ओंजळ | १८ फेब्रुवारी, रात्री ११:५८

बाकी सगळं उद्या. आधी बायकोला सांगा. खाडीवर एकट्याने डबा खाऊ नका हो.

---

राजगिरा | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

ओंजळ यांना अनुमोदन. आज शिवजयंतीची सुट्टी आहे, दोघं घरात असाल तर आजच बोला.

सही केली नाहीत हे फार बरं केलंत.

---

वैशाख | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

खाडीकाठ, मी ठाण्यात कामगार कायद्याची कामं बघतो. आधी भीती काढतो, मग काय करायचं ते सांगतो.

नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. नोटीस न देता सोडणं हासुद्धा गुन्हा नाही, तो फार तर कराराचा भंग आहे आणि त्याचा निकाल दिवाणी न्यायालयात पैशात लागतो. अ‍ॅबस्कॉन्डिंग हा शब्द एचआरच्या बोलीतला आहे, फौजदारी कायद्यात नोकरी सोडणाऱ्याला तो लागत नाही. तुम्हाला ओढून नेऊन कामावर बसवायचा हुकूमही कोणतं न्यायालय देणार नाही. व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, हे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात स्पष्ट आहे.

धोका आहे तो दुसरीकडे. तुमच्या ताब्यात माल होता आणि चाव्या होत्या. विश्वासाने सोपवलेली वस्तू नोकराने हडपली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागतं. ते तुमच्यावर हेच ढकलू बघतील. त्यामुळे तुम्ही सहज काढलेला चाव्यांचा फोटो तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. तो डिलीट करू नका, कुणाला फॉरवर्ड करू नका, मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो संवादही तसाच ठेवा.

आता पगाराचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. आधीच्या १९३६ च्या कायद्याला महिना २४,००० रुपयांची मर्यादा होती, तुमचे २६,५०० त्याच्या बाहेर पडले असते. संहितेत पगाराची अशी मर्यादा नाही आणि सुपरवायझरही त्यात येतात. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. प्रत्यक्षात दोन दिवसांत कुणी देत नाही, पण मागताना आधार हा.

गहाळ मालाबद्दल पगारातून कापता येतं, पण केव्हा? तो माल खास तुमच्याकडे सोपवलेला असला पाहिजे, नुकसान थेट तुमच्याच चुकीमुळे झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. हे नव्वद वर्षांपासून असंच आहे. स्टॅम्प पेपरवर आधीच टाइप केलेली कबुली पुढे सरकवणं ही बाजू मांडायची संधी नव्हे. सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हेही लक्षात ठेवा.

आज रात्रीपर्यंत एक ईमेल पाठवा. साधी भाषा, आरोपांचा पाऊस नको. १६ तारखेपासून राजीनामा देत आहे. चाव्या ३:१० ला टेबलावर ठेवल्या, गेटवर सांगून निघालो. ज्या मजकुरावर सही मागितली तो मला मान्य नाही. स्टॉकचं मिलान समोरासमोर बसून करायला मी तयार आहे. १६ दिवसांचा पगार आणि दोन मूळ प्रमाणपत्रं द्यावीत. एवढंच. तोच मजकूर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

कारण असं की नोटीस न देता गेलेला माणूस नंतर समजावून सांगू शकतो. काहीच न लिहिता गेलेल्या माणसाची गोष्ट मात्र मालक लिहितो.

---

कोरांटी | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

रजिस्टर एडीने, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पाठवा, ती कोर्टात चालते.

---

वैशाख | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

कोरांटी, रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. काउंटरवर स्पीड पोस्ट सांगायचं आणि पोचपावती वेगळी मागायची.

---

मनीषा_नाशिक | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

मी चौदा वर्षं एचआरमध्ये आहे, अंबड एमआयडीसीत. इथे सगळे एका बाजूने बोलत आहेत म्हणून दुसरी बाजू लिहिते. खाडीकाठ, हे तुमच्यावर नाही. तुमच्या जागी मीही सही केली नसती.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडचा पेरोलचा मुलगा महिन्याच्या २९ तारखेला यायचा थांबला. फोन बंद. हजेरीची शीट त्याच्या लॅपटॉपवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. २१२ कामगारांचे पगार अडकले. मी आणि अकाउंट्सच्या दोघी तीन रात्री बसून पंचिंगचे कागद हाताने जुळवत होतो. सात तारखेला एक हेल्पर माझ्या टेबलासमोर येऊन नुसता उभा राहिला, बोलला काहीच नाही. नंतर कळलं की मुलीच्या दवाखान्याचे पैसे भरायचे होते. त्या मुलाला जो मॅनेजर छळत होता त्याचं काहीही बिघडलं नाही. भोगलं त्या हेल्परने.

म्हणून सांगते, कितीही खराब जागा असली तरी निघताना आपल्या हातातलं काम कुणाच्या तरी हातात द्या. मालकासाठी नको, शेजारच्या खुर्चीतल्या माणसासाठी द्या. दहा मिनिटांचं असतं ते.

---

उत्तररात्र | १९ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

मनीषाताई, हे वाचून मला माझी रात्र आठवली.

मी स्टाफ नर्स आहे. आधी एका तीस खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात होते. तिथे एका रात्री एकटीवर १९ पेशंट होते. पहाटे डॉक्टरांनी एका पेशंटच्या शीटवर न दिलेलं इंजेक्शन दिलं म्हणून लिहायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, बरं.

पण त्याच क्षणी निघता येत नाही. आमच्यात ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट समजावून सोपवल्याशिवाय, वॉर्ड सोडत नाहीत. सकाळची सिस्टर साडेसातला आली. मी तिला एकेक बेड फिरून दाखवला. बेड ४ ला नाश्त्याआधी इन्सुलिन, बेड ९ चं सलाईन वीस मिनिटांत संपेल, बेड १२ च्या आजींना ऐकू कमी येतं, उजव्या बाजूने बोला. ओव्हर बुकात तिची सही घेतली. त्याच टेबलावर बसून हाताने राजीनामा लिहिला, मेट्रनच्या ट्रेमध्ये ठेवला आणि मोबाइलवर फोटो काढला. नोटीस एक दिवसाचीही दिली नाही.

तीन महिने ते मला अनुभवाचं पत्र देत नव्हते. पण त्या रात्रीबद्दल माझ्या मनाला आजतागायत काही टोचत नाही, कारण बेड ९ चं सलाईन वेळेवर बदललं गेलं. नवीन हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला मेट्रननी विचारलं, नोटीस का दिली नाही? मी जे झालं तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, ओव्हर दिलात का? हो म्हटलं. दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

---

खाडीकाठ | १९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार.

बायकोला दुपारी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मंगळवारी डबा परत आणलास तेव्हा त्याला गवत चिकटलेलं होतं. म्हणजे तिला तेव्हाच शंका आली होती आणि मी बोलायची ती वाट बघत होती.

वैशाख यांनी सांगितलं तसा ईमेल आत्ता पाठवला. लिहायला दोन तास लागले. पहिल्या मसुद्यात चार वर्षांचं सगळं आलं होतं, बायकोने वाचून दोन तृतीयांश खोडलं. पोस्टात उद्या जातो.

मनीषाताई, तुमचं वाचून अस्वस्थ झालो. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, २१ वर्षांचा, मुरबाडकडचा. मी गेल्यावर चाव्या त्याच्याकडे जाणार आणि तो कागदही त्याच्यापुढे येणार. मी त्याला काही न सांगता निघालो. संध्याकाळी त्याला फोन केला. म्हटलं, रोज चाव्या घेताना आणि देताना रजिस्टरमध्ये वेळ लिही, आणि कोणत्याही कोऱ्या किंवा टाइप केलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नकोस. तो म्हणाला, दादा, तुम्ही सोमवारी सांगितलं असतं तर. पुढे बोलला नाही.

---

कोकणवाट | २० फेब्रुवारी, सकाळी ८:२०

मी मूळचा चिपळूणचा, अकरा वर्षं दुबईत आहे. एक गोष्ट कळकळीने लिहितो, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बरीच मुलं इकडे येतात आणि असे धागे वाचून तिकडचाच नियम इथे लागतो असं समजतात.

वैशाख म्हणतात तो नियम भारतात. यूएईमध्ये सलग सात दिवसांहून जास्त न कळवता गैरहजर राहिलात तर मालक कामगार मंत्रालयात तशी नोंद करू शकतो. ती नोंद झाली की पुढचं वर्क परमिट अडकतं. इथे कामावर न जाता खोलीवर बसून राहणं ही सगळ्यात महाग चूक आहे. नोटीस ३० ते ९० दिवसांची असते. मालकाने पगारच थकवला किंवा मारहाण, छळ झाला तर नोटिशीशिवाय सोडायची सोय कायद्यात आहे, पण तक्रार वेळेत मंत्रालयात पोचली पाहिजे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं इथेही बेकायदा आहे. आपल्या परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे, दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथे हिंदीत बोलता येतं. आमच्या खोलीतला एक मुलगा चार महिने पगाराविना काम करत होता, कारण तक्रार केली तर आपल्यालाच परत पाठवतील असं त्याला वाटायचं. तक्रार केल्यावर पाच आठवड्यांत पैसे मिळाले.

---

चंदनवेल | २० फेब्रुवारी, सकाळी ११:००

मी इथे मालकाच्या बाजूचा आहे. सांगलीत लहानसा छापखाना आहे, नऊ माणसं.

मीही मूळ मार्कशीट ठेवून घ्यायचो. वडील घ्यायचे, शेजारचे घ्यायचे, म्हणून मीही. मुलगा शिकवून तयार करायचा आणि सीझनच्या तोंडावर, लग्नपत्रिकांच्या गर्दीत तो दुसरीकडे दोन हजार जास्तीवर निघून जायचा, ही भीती खरी असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात प्रेसमध्ये पाणी शिरलं. मशीन, कागद, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर टेबलाचा खालचा कप्पा उघडला तर तीन मुलांच्या मार्कशीटचा लगदा. त्यातल्या एकाचं घरही पुरात गेलं होतं. तो माझ्याकडे चिखल उपसायला आला होता आणि त्याच्या शिक्षणाचा कागद माझ्याच कप्प्यात कुजला होता.

कोल्हापूर विभागीय मंडळात मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो, दुय्यम प्रती काढल्या. त्यानंतर कुणाचाही कागद ठेवून घेतलेला नाही. तिघांपैकी दोघं अजून माझ्याकडेच आहेत.

खाडीकाठ, तुमची मार्कशीट डिजिलॉकरवर बघा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात आणि कायद्याने त्या मूळ प्रतीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. पदवीची दुय्यम प्रत विद्यापीठातून निघते. तुमच्या शेठच्या हातात तुम्हाला वाटतो तेवढा लगाम नाही.

---

राजगिरा | २० फेब्रुवारी, दुपारी १:३५

आमच्याकडे आयटीत ९० दिवसांची नोटीस असते आणि नवीन कंपनीला माणूस ३० दिवसांत हवा असतो, म्हणून पैसे भरून नोटीस विकत घ्यायची पद्धत आहे. मध्यंतरी काही कंपन्या त्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लावायच्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्राने स्पष्ट केलं की नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी नाही. अजून कुणी लावत असेल तर ते परिपत्रक दाखवा.

आणि नोटीस न देता गेलं तर काहीच होत नाही असंही कुणी समजू नये. २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, उड्डाणं रद्द करावी लागली, कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कॅप्टनला एक वर्षाची नोटीस आहे. विजया बँकेच्या खटल्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दल घेतलेले दोन लाख योग्य ठरवले. ज्यांनी बाँडवर सही केली आहे त्यांनी तो नीट वाचूनच पाऊल उचलावं.

---

शाईपेन | २० फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी थोडं. आपल्याकडे १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आहे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एक महिन्याची. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख, एक पोस्टाने व्यवस्थापनाला, एक आपल्याजवळ. ही पद्धत कायद्यातच घालावी लागली, कारण संस्था रुजू करून घेतानाच तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सह्या घेऊन ठेवायच्या. माझीही एकीकडे घेतली होती. पाच वर्षं तो कागद संस्थेच्या कपाटात आहे हे माहीत असताना मी वर्गात शिकवत होते. कुठल्याही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही.

---

दवबिंदू | २१ फेब्रुवारी, पहाटे २:५०

मी स्टुटगार्टला आहे. इथे ईमेलने दिलेला राजीनामा चालतच नाही, कागदावर शाईची सही लागते. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस, नंतर चार आठवडे, तेही १५ तारखेला किंवा महिनाअखेरीस संपणारे. स्वतःहून सबळ कारणाशिवाय सोडलं तर बेकारी भत्ता सर्वसाधारणपणे बारा आठवडे रोखतात. माझ्या नवऱ्याने रागाच्या भरात ईमेल करून टाकला होता. त्याच्या टीममधल्या एका बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की अजून काहीच झालेलं नाही, शांत होऊन डॉक्टरकडे जा. तो आजारपणाच्या रजेवर गेला, बरा झाला, आणि तीन महिन्यांनी रीतसर सोडली.

खाडीकाठ, वडिलांना सांगितलंत का?

---

खाडीकाठ | २२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सांगितलं. डायरी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा तो मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा लावून डायरीची पानं एकेक करून वाचली. म्हणाले, आमच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, त्याने सही केली होती. दोन वर्षं पगार कापून घेतला त्याचा, आम्ही सगळे बघत होतो. एवढंच बोलले. मग विचारलं, जेवलास का?

एक विचारायचं राहिलं. ग्रॅच्युइटी आणि पीएफचं काय?

---

वैशाख | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षं लागतात, तुमची सव्वाचार झाली, त्यामुळे ती नाही. इतरांसाठी सांगतो, पाच वर्षं भरत आली असतील तर कॅलेंडर बघून निघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर पाच वर्षांचे ५१,९२३ रुपये होतात. पंधरा गुणिले, सव्वीसने भागायचं, मग वर्षांनी गुणायचं.

पीएफ तुमचाच आहे, मालक तो अडवू शकत नाही. त्याने पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएनमधून (तुमच्या पीएफच्या क्रमांकाने लॉगिन करून) भरू शकता. आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा. पैसे काढू नका, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज द्या. ईमेलची प्रत, पोस्टाची पावती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सोबत न्या.

---

खाडीकाठ | २६ एप्रिल, रात्री १०:०५

उशीर झाला, पण धागा अर्धवट सोडणं बरं वाटेना.

पोलीस आले नाहीत. पोचपावती सही होऊन चार दिवसांत आली, कंपनीचं उत्तर मात्र आलं नाही. १२ मार्चला ठाण्याला अर्ज दिला. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, स्टॅम्प पेपरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि कंपनीला पत्र गेलं. पहिल्या तारखेला कुणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला शेठचा भाचा आला. गीझरचं नावही काढलं नाही. एक महिन्याची नोटीस राहिली म्हणून उलट आम्हालाच पैसे द्या म्हणाला. मी डायरी टेबलावर ठेवली. उघडली नाही, नुसती ठेवली. शेवटी १६ दिवसांच्या पगारातले ११ दिवसांचे पैसे आणि दोन्ही प्रमाणपत्रं, यावर मिटलं. वैशाख कदाचित म्हणतील की पूर्ण मागायला हवे होते. मला घरी जायचं होतं.

मार्कशीटला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडलीत, फाइलला लावायला. एक भोक बरोबर माझ्या आईच्या नावावर आहे.

तळोज्याला एका शीतगृहात लागलो आहे, २३,०००. साडेतीन हजार कमी. इंटरव्ह्यूला नोटिशीचं विचारलं तेव्हा उत्तररात्र यांच्यासारखंच, जे झालं ते सांगितलं. त्यांनी चाव्यांचा फोटो बघायला मागितला. इथे रोज संध्याकाळी चाव्या देताना दोघांच्या सह्या होतात.

मुरबाडच्या त्या मुलाला पाडव्यानंतर काढून टाकलं. त्याने सही केली नव्हती. त्याचं नाव मी इथे सुचवलं आहे, १ तारखेला त्याला बोलावलंय.

वैशाख, ती डायरी किती दिवस ठेवू?

---

वैशाख | २६ एप्रिल, रात्री १०:४०

तीन वर्षं तरी ठेवा. करारावरून दावा लावायची मुदत तेवढी असते. कामगार कार्यालयात मिटल्याच्या कागदाची प्रतही तिच्यातच ठेवा. अकरा दिवसांवर मिटवलंत ते ठीक आहे.

---

मनीषा_नाशिक | २७ एप्रिल, सकाळी ८:५०

त्या मुलाचं १ तारखेला काय झालं ते नक्की लिहा. एक तारीख महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे, ऑफिस उघडं आहे ना ते आज विचारून घ्या, नाहीतर मुरबाडहून हेलपाटा पडेल त्याला.

---

खाडीकाठ | २७ एप्रिल, सकाळी ९:२०

ताई, बरं झालं सांगितलंत. विचारलं, आता २ तारखेला बोलावलंय. त्याला फोन करतो.